सातव्या ग्रीनच्या कांड्या

भोकं

मशीन खाली जातं, वर येतं, पुन्हा खाली जातं. प्रत्येक दणक्याला ग्रीनला, म्हणजे गोल्फच्या झेंड्याभोवतीच्या बारीक गवताला, ओळीने भोकं पडतात आणि तेवढ्याच मातीच्या कांड्या बाहेर उडतात. करंगळीएवढ्या जाड, बोटभर लांब. तळाला वाळू, मध्ये पांढरी मुळं, डोक्यावर हिरव्या गवताची टोपी. दणका जमिनीतून टाचेत चढतो, टाचेतून दाढेत. दुपारपर्यंत दाढा सैल झाल्यासारख्या वाटतात.

वर्षातून दोनदा ग्रीनला असं भोसकावं लागतं. खेळणारे चालून चालून माती दाबतात, मुळं गुदमरतात. म्हणून भोकं पाडा, कांड्या खरवडून फेका, भोकांत वाळू भरा, झाडूने घासा, पाणी मारा. दहा-बारा दिवस ग्रीन देवी आलेल्या तोंडासारखं दिसतं. मग भरून येतं.

ऑगस्टमधला शेवटचा सोमवार. मैदान बंद. मशीनवर दुहान, मागे रुंद फावडी घेऊन आम्ही तिघी. मी जेचोनवाली. दुहानची आई दोक्शिल, ती यंगवोलवाली. तिसरी बोउनवाली. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी आमच्या डोंगरात बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात. नवरे मेले, सासवा मेल्या, डोंगर विकला गेला, त्यावर गोल्फचं मैदान झालं. माहेर तेवढं चिकटून राहिलं.

"जेचोनवाली, फावडं आडवं धर!" पे मुकादम ओरडला. "गवत सोलशील."

"सोललं तर सोललं. माझी पाठ सोलून निघाली ती कुणाला दिसत नाही."

"या वयात तुझी पाठ बघायला कोण येतंय?" बोउनवाली म्हणाली.

आम्ही हसलो. दोक्शिल हसली नाही. ती सातव्या ग्रीनच्या वरच्या उताराकडे बघत होती. तिथे तिच्या नवऱ्याचं थडगं आहे. आमच्याकडे थडगं म्हणजे मातीचा गोल उंचवटा, वर गवत.

जागा

डोंगर विकला त्या वर्षी गावातली एकतीस थडगी उकरली गेली. हाडं भट्टीत गेली, राख तालुक्याच्या इमारतीत, भिंतीतल्या कप्प्यांत. माझा नवरा तिसऱ्या मजल्यावर आहे. वर जायचं तर लिफ्टला रांग लावावी लागते.

दोक्शिल मात्र नवऱ्याच्या मातीवर आडवी पडली. बुलडोझर समोर घरघरत होता. दोन दिवस ती उठली नाही. पाऊस आला, उठली नाही. पडल्या जागी मुतली. शेवटी कंपनीने तेवढा उतार सोडला आणि कागद केला: घरातला कर्ता पुरुष संमतीचा शिक्का मारत नाही तोवर तिच्या नवऱ्याचं, मा पान्सोकचं, थडगं हलणार नाही, आणि बायको मेली की तिला त्याच्या शेजारी जागा.

कर्ता पुरुष म्हणजे थोरला दीर, ग्युसोक. सोल शहरात राहतो. छुसोक या पितरांच्या सणाआधीच्या एका रविवारी थडग्यावरचं गवत कापायला येतो, सोजू दारूचा पेला ओततो, जातो.

"त्यांच्या उजव्या अंगाला माझी जागा," दोक्शिल मला कितीदा सांगायची. "डावा कान बहिरा होता ना त्यांचा. उजवीकडून बोललं तरच ऐकू यायचं."

तिला दुसरं काही नको होतं. घर पडकं होतं, गुडघे गेले होते, दुहान पस्तिशीला येऊन बिनलग्नाचा होता. पण जागा होती.

डुक्कर

मागच्या वर्षी, असेच भोकं पाडायचे दिवस तोंडावर आलेले असताना, रानडुकराने ते थडगं फोडलं. अर्धा उंचवटा उकरून टाकला. मुळं खायला आलं असेल. दोक्शिल ऑफिसात सांगायला गेली. "तुमचं थडगं, तुम्ही बघा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तेच डुक्कर सातव्या ग्रीनवर आलं. संध्याकाळच्या आत दोन बंदुका आल्या. गोळी मानेत लागली, पण डुक्कर मेलं नाही. गोल गोल फिरत किंचाळत राहिलं. पे मुकादमाने फावड्याने डोक्यात घाव घातले. बोउनवाली मोजत होती. सातव्याला ते थांबलं.

"लवकर पाणी मारा," मुकादम धापा टाकत म्हणाला. "रक्ताने गवत जळतं."

त्याच आठवड्यात भोकं पाडली. कांड्या आम्ही मागच्या ओढ्यात फेकत होतो, आणि दोक्शिल त्या उचलत होती. डब्यातून, बुटातून, अंगरख्याच्या आत छातीशी धरून तिने त्या चार दिवस नेल्या. उकरलेली माती थापून सारखी केली आणि एकेक कांडी तिच्यात खोचली. हजारभर तरी असतील.

"आई, हे विलायती गवत आहे," दुहान म्हणाला होता. "उन्हाळ्यात याला दवाखान्यात ठेवल्यासारखं ठेवावं लागतं. आपलं डोंगरी लाव."

"डोंगरी कुणाच्याही थडग्यावर असतं. याला दिवसातून तीनदा पाणी देतो आपण, औषध देतो, पंखे लावतो. तुझ्या बापाच्या अंगावर कधी चांगलं कापड चढलं नाही. हे तरी चढू दे."

नोव्हेंबरात बाकीचा डोंगर पिवळा पडला तेव्हा पान्सोकचं थडगं हिरवंगार होतं. दोक्शिल जेवणाच्या सुट्टीत वर जायची आणि त्यावरून तळहात फिरवायची, माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

यंदा जुलैत सलग एकोणीस दिवस अंगाची लाही झाली. ग्रीनवर पंखे गरगरत होते, भर दुपारी आम्ही फवारे मारत होतो, तरी दोन ग्रीन सडले. थडग्यावर पंखा नव्हता. तीन दिवसांत गवत पिवळं पडलं, मग बुळबुळीत झालं, मग उरलंच नाही. पावसाने मातीला घळी पाडल्या. ऑगस्ट संपेपर्यंत थडग्याला टक्कल पडलं होतं. आमच्यात टक्कल पडलेलं थडगं म्हणजे त्या घरात माणूस उरलं नाही.

"भावोजी हे बघतील आणि शिक्का मारतील," ती मला म्हणाली. "त्यांना निमित्तच हवंय."

"मग डोंगरी गवत लाव आता."

"कुठून आणू?"

ग्रीन सोडलं तर सगळीकडे तेच होतं. आठ वर्षं आम्ही त्यावरूनच चालत होतो.

सातवं ग्रीन

दुपारी सातव्याच्या कांड्या उचलून झाल्या. दुहान मशीन घेऊन आठव्याकडे गेला. आम्ही वाळू ओढत होतो. दोक्शिल "जाऊन येते" म्हणाली आणि पाइनच्या झाडांमागे गेली. जाताना फावडं नेलं, खताचं रिकामं पोतंही नेलं. मी बघितलं आणि मान वळवली.

थोड्या वेळाने मुकादमही तिकडे गेला. त्याच्या पट्ट्याला रेडिओ होता. बटण कशाने दाबलं गेलं कोण जाणे, पण ते दबलेलंच राहिलं. बोउनवालीच्या खांद्यावरचा रेडिओ बोलू लागला. आठव्या ग्रीनवर दुहानचाही.

पे: पोत्यात काय आहे?

दोक्शिल: गवत.

पे: कुणाचं?

दोक्शिल: डोंगराचं.

पे: डोंगर कंपनीचा आहे, म्हातारे. ओत खाली.

दोक्शिल: चाळीस तुकडे आहेत, मुकादम. इथे झाडीत कोण खेळायला येतं? कड नीट कापलीय. वसंतापर्यंत भरून येईल. नाही आली तर मी भरून देईन.

पे: ओत म्हणतो ना!

दोक्शिल: सणापुरतं, मुकादम. पाया पडते.

पे: त्या ढेकळासाठी? सण झाला की ते बुलडोझरखाली जाणार आहे. दिराने सांगितलं नाही? शिक्का मारलाय त्याने. जूनमध्येच.

(झाडांतल्या किरकिऱ्या किड्यांचा आवाज.)

दोक्शिल: खोटं.

पे: ऑफिसात कागद आहे. लाल शिक्का. जाऊन बघ.

दोक्शिल: खोटं बोलतोस, रांडेच्या.

पे: काय म्हणालीस? सोड ते पोतं. सोड! आई गं, चावली! चावली ही—

मग धप्प. मग लोखंडावर काहीतरी आपटलं.

पे: ऊठ. नाटकं करू नको. ए. ऊठ.

आठव्या ग्रीनवरचा दणका थांबला.

आम्ही पोचलो तेव्हा दोक्शिल पाण्याच्या चावीच्या लोखंडी झाकणाशेजारी बसलेली. कपाळ फुटून एक डोळा रक्ताने बंद झालेला, तोंडात मुकादमाच्या बाहीचा तुकडा. आमच्या बाजूने दुहान गेला. मी इतकी वर्षं त्याला बघतेय, तो पळताना मी बघितला नव्हता. पहिला घाव आईच्याच फावड्याच्या पाठीने, मुकादमाच्या पाठीत. मुकादम गुडघ्यांवर आला. दुसरा खांद्यावर, आणि गळ्याजवळचं हाड ओल्या फांदीसारखं वाजलं. तिसऱ्या वेळी दुहानने फावडं फिरवून धार पुढे केली.

दोक्शिलने रांगत जाऊन त्याचा पाय धरला.

"धारेने नको! दुहान, धारेने नको!"

फावडं हवेत राहिलं. मुकादम पोटावर पडून मातीत तोंड खुपसून रडत होता. मोठा माणूस असा रडताना ऐकवत नाही.

दोक्शिलला आणि मुकादमाला दोन गाड्यांतून नेलं. गवताचे चाळीस तुकडे कचऱ्याच्या ढिगावर उलटे पडले, मुळं वर करून. ऑफिसातून निरोप आला: काम थांबवू नका, संध्याकाळपर्यंत भोकं बुजली पाहिजेत. आम्ही दोघींनी उरलेली वाळू ओढली. मग झाडू मारला. थरथरत्या हाताने वाळू छान बसते, बोउनवाली म्हणाली, आणि मग रडली.

दुहानचा जबाब

पहिला कागद: "पे मुकादमांनी माझ्या आईला ढकललं, तिचं डोकं लोखंडावर आपटून फुटलं, म्हणून मी त्यांना मारलं."

ऑफिसातून परत आला. मुकादमांनी ढकललं हे कुणी पाहिलेलं नाही.

दुसरा कागद: "माझी आई पडली. तिचं रक्त बघून मी मुकादमांना मारलं."

परत आला. आई पडली याचा या प्रकरणाशी संबंध काय?

तिसरा कागद: "मी मुकादमांना मारलं."

हा ठेवून घेतला.

त्याला कामावरून काढलं. पोलिसांत सध्या देत नाही म्हणाले. सध्या, हा शब्द ऑफिसातल्या साहेबांनी दोनदा उच्चारला. दुहानने ऑफिसात लाल शिक्क्याचा कागद बघितला होता, ते त्याने आईला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. ती रविवारची वाट बघत राहिली. भावोजी स्वतःच्या तोंडाने सांगतील तेव्हा खरं.

रविवार

कपाळावर सहा टाके, धुतलेला पांढरा अंगरखा. तिच्याबरोबर दुहान होता, मी होते, बोउनवाली होती. साक्षीला, ती म्हणाली. खाली सातव्या ग्रीनवर खेळ सुरू होता. वाळूमुळे चेंडू उड्या मारत जात होता आणि खेळणारे शिव्या देत होते.

ग्युसोक वर चढून आला तो घामाघूम. एकाहत्तर वर्षांचा माणूस. पाठीवर गवत कापायचं मशीन, भाड्याचं. हातात सोजूची बाटली आणि सुका मासा. थडगं बघून तो थांबला.

"हे काय? काय केलंत हे?"

"गवत जळलं, भावोजी."

"गवत जळलं? इथे मी कापू काय? माती कापू?"

"शिक्का मारलात का तुम्ही?"

त्याने मासा कागदावर ठेवला. नीट, डोकं पूर्वेला करून. मग मशीनची दोरी ओढली. पहिल्यांदा सुरू झालं नाही. दुसऱ्यांदा झालं.

"भावोजी, शिक्का मारलात का?"

"दुहानच्या आई, माझ्यानंतर इथे कोण येणार सांग!" मशीनच्या आवाजावरून तो ओरडत होता. "माझी पोरं डोंगर चढत नाहीत. याचं लग्न नाही. बेवारस पडून राहण्यापेक्षा इमारतीत बरं. तिथे दिवा असतो, छप्पर असतं."

"जूनमध्ये?"

"हो, जूनमध्ये!"

"जूनमध्ये गवत हिरवं होतं."

"मी कुठे बघायला आलो होतो?"

दुहान बोलला. "काका, चला. आत्ता ऑफिसात चला. शिक्का मागे घ्या."

"हात लावू नको."

"चला म्हणतो."

"मुकादमाला मारलंस तसं मला मारणार? घराण्याला काळिमा! तुझ्या बापाला आत झोप लागत नसेल, म्हणून तर टक्कल पडलं त्याच्या—"

दुहानने त्याच्या छातीवरचा पट्टा धरून ओढलं. म्हातारा फिरला, आणि त्याच्याबरोबर दांड्याच्या टोकावर फिरणारं पातंही फिरलं. आधी दगडाला लागून ठिणगी उडाली. मग दुहानच्या नडगीला. आवाज काहीच आला नाही. पँट उघडली आणि आतला पाय उघडला. दुहान खाली बसला आणि आपल्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत राहिला.

ग्युसोक मशीन सुरू ठेवूनच उभा होता. पातं हवेत गरगरत होतं, त्यावरून लाल थेंब उडून त्याच्याच चष्म्यावर पडत होते. दोक्शिल पुढे गेली आणि तिने मशीन बंद केलं.

मी गळ्यातला टॉवेल सोडून गुडघ्याखाली आवळला. बोउनवालीने खाली हाका मारल्या. खेळणाऱ्यांची गाडी चढावर आली.

"हाड दिसतंय का?" दोक्शिलने विचारलं.

"नाही. मांस आहे."

"मग जगतो." ती वाकली, मुलाच्या तोंडावरचा घाम पुसला. "जा. बोउनवाली येते तुझ्याबरोबर. मला इथे काम आहे."

"आई, काकांना काही करू नकोस."

"मी काय करणार त्यांना? जा."

गाडी खाली गेली. ग्युसोक मशीनसकट मागे वळला.

"तुम्ही कुठे निघालात, भावोजी?"

"दवाखान्यात. पोरगं—"

"पोराला दोन बायका पुरतात. तुम्ही थांबा."

दोन बायका कुठल्या, एकच गेली होती. पण तो थांबला.

झुडपात टिकाव होता. घळी बुजवायला तिने तो आठवडाभर आधी आणून ठेवलेला. तिने तो डोक्यावर उचलला आणि थडग्यात घातला.

ग्युसोक किंचाळला. मीही किंचाळले असेन. नवऱ्याचं थडगं बायको फोडत नाही. त्याला माणसं बोलवावी लागतात, दिवस बघावा लागतो, डोंगराच्या देवाला आधी पेला द्यावा लागतो. ती घाव घालत राहिली. दर घावाला तिच्या कपाळाचा एकेक टाका तुटत होता. रक्त नाकावरून ओघळून मातीत पडत होतं.

"वेडी झालीस का!" ग्युसोक ओरडला. "माणसं येतील ना सण झाल्यावर! कंपनीची माणसं येतील!"

"नवरा कंपनीचा नाही."

मी फावडं घेतलं. काय करणार? ती खणायची, मी माती ओढायची. छातीएवढं खोल गेल्यावर लाकडाचा भुसा लागला. मग तागाचं कापड, हात लावताच विरणारं. मग पान्सोक. चहाच्या रंगाची हाडं. फासळ्यांतून पाइनची मुळं गेलेली, दोरी ओवावी तशी. तिने मुळं दातांनी तोडली. कवटीतली माती बोटाने काढली, मग अंगरख्याच्या टोकाने पुसली, मग त्या कपाळावर आपलं फुटलेलं कपाळ टेकवलं. आता तिचं रक्त त्यालाही लागलं.

पे मुकादम खालून आला होता, हात गळ्यात बांधलेला. तो खड्ड्याच्या काठाशी उभा राहिला. टोपी काढली.

"भावोजी," खड्ड्यातून दोक्शिल म्हणाली, "पोतं धरा."

"कसलं पोतं? खताच्या पोत्यात? माझ्या भावाला?"

"कप्प्यात चालतो, पोत्यात चालत नाही? धरा."

त्याने धरलं. सोलच्या इस्त्रीच्या पँटीत, ओल्या मातीत गुडघे टेकून, दोन्ही हातांनी तोंड उघडं धरून. ती एकेक हाड द्यायची. पाय, मांड्या, पाठीचे मणके. मणके देताना ती मोजत होती आणि दोनदा चुकली. कवटी मात्र तिने पोत्यात टाकली नाही. अंगरख्यात घेतली.

मग आम्ही उतरलो. पुढे ती, मागे दीर पोतं उचलून, मागे मी टिकाव आणि फावडं घेऊन. सातव्या ग्रीनवर चौघे उभे होते. त्यांतला एक काठी वर करून ओरडला, "आजी, बाजूने! खेळ चालू आहे!" ती बाजूने गेली नाही. ग्रीनच्या मधून, झेंड्याच्या शेजारून गेली. वाळूवर आमच्या बुटांचे ठसे खोल उठले.

घरामागे तिचं मिरचीचं वावर. हातभर जमीन, पण कागद तिच्या नावावर. मिरच्या लाल झालेल्या, तोडणीला आलेल्या.

"दोन ओळी उपट," तिने मला सांगितलं.

"अगं, यंदाची मिरची—"

"उपट."

मी झाडं उपटली. मिरच्यांसकट फेकली. तिने पोतं सावलीत ठेवलं, कवटी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली आणि टिकाव दिराकडे सरकवला. तो खणायला लागला. खणायची सवय गेलेली. चार घावांत तळहाताला फोड आले, आठव्याला फुटले. तो दोनदा थांबला, दोनदा तिच्याकडे बघितलं, दोनदा पुन्हा सुरू झाला. सरकारी परवानगी लागेल, तो म्हणाला. ऊन उतरलं. खड्डा त्याच्या कमरेएवढा झाला तेव्हा त्याने टिकाव टाकला आणि काठावर हात टेकले.

"पुरे आता. हाडंच तर ठेवायचीत. एवढ्यात मावतील."

दोक्शिल उठून आली. खड्ड्यात डोकावली. मान हलवली.

"रुंद करा, भावोजी. उजवीकडे अजून तेवढाच. मी काय उभी राहू?"